नील बेटावरचं पाचवं घर

१२ जानेवारी, रविवार

गाडी करायची की नाही यावरून आज स्वयंपाकघरातच जुंपली. युवराजचं म्हणणं — अंदमानात उतरल्या उतरल्या चार दिवसांसाठी गाडी भाड्यानं घ्यायची, तीही बिनड्रायव्हरची. समुद्राच्या कडेनं तो स्वतः चालवणार! माझं म्हणणं — पोर्ट ब्लेअरला सरकारी बस आहे, रिक्षा आहेत, पाय आहेत. "तू एसटीत कंडक्टर हायस म्हणून जगात एसटीशिवाय काय न्हायच का?" म्हणाला. (तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथं युवराजच.) गॅरेजवाल्याशी लग्न केलं की असं होतं. त्याला चाकाशिवाय झोप लागत नाही.

शेवटी मी म्हटलं, "अहो, आपण मजा करायला चाललोय का?" तेव्हा उठून गॅरेजकडं गेला.

मजा करायला नाहीच. आईला तिच्या लेकाच्या दारात नेऊन उभं करायचंय, आणि ते तिला आधी कळू द्यायचं नाही. बाकी निळा समुद्र, जेल, नारळाचं पाणी हे सगळं वरवरचं.

वैजू, माझा धाकटा भाऊ, सहा वर्षं झाली नील बेटावर आहे. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं जावं लागतं. तिथल्या वीजघरात डिझेल मेकॅनिक. चार वर्षांपूर्वी शेफालीशी लग्न तिथंच उरकलं आणि मग आईला फोन केला. तेव्हापासून आई त्याच्याशी बोलत नाही. आता शेफालीला सहावा सरत आलाय. मागच्या वर्षी एक पोटात टिकलं नाही, म्हणून घाबरलीये. तिला आई नाही. परवा फोनवर म्हणाली, "ताई, आईंना एकदा आणा. मग मी काही मागणार नाही." एवढं मराठी कधी शिकली कोण जाणे. 'आणते' म्हणून बसले.

पंधरा फेब्रुवारीला निघायचं. तिकिटं वैजूनं काढली. आईला सांगायचं, जावईबापूंनी काढली. खोटं बोलायला सुरुवात इथून.

१३ जानेवारी

बेंबळीच्या गाडीत आज पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या संक्रांत. घसा बसला. आईला कसं विचारायचं याचा दिवसभर विचार, त्यात एका आजोबांना उलट्या दिशेचं तिकीट फाडलं. त्यांनी चांगलंच सुनावलं.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ घेऊन आईकडं तेरला गेले. घराला कडी. आई जोगव्याला बाहेर पडलेली. संक्रांत असो नाहीतर आणखी काही, मंगळवार म्हणजे मंगळवार. ती तुळजाभवानीची आराधी. आजीची परडी तिच्याकडं आली, तेव्हापासून दर मंगळवारी नि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून पाच घरी जोगवा मागायचा, परडीत पडेल ते पीठ नाहीतर दाणे शिजवायचे, आणि मगच तोंडात घास. माझे वडील, अण्णा, गेले तेव्हासुद्धा सुतक फिटल्यावरचा पहिला मंगळवार तिनं सोडला नव्हता.

आली. चुलीपुढं बसली. मी तिळगूळ हातावर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं — आई, आपण तिघं फिरायला जायचं, अंदमानला, विमानानं, तिकिटं काढलीत.

भाकरी थापायचा हात थांबला. मला वाटलं, आता विचारणार, 'तो' तिथंच असतो ना? (वैजूचं नाव ती घेत नाही. तो म्हणते.) मी आधीच तयारी करून गेले होते. म्हटलं, अंदमान म्हणजे शेकड्यानं बेटं आहेत आई, मराठवाड्याएवढा समुद्र मध्ये. खोटं नाही. खरंही नाही.

ती भलतंच बोलली. "आन मदी मंगळवार आला म्हंजी?"

"मंगळवारी आपण एका बेटावर जाऊ. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तिथं वस्ती आहे."

"वस्ती आसंल. उदो म्हनल्यालं कळतंय का त्यानला?"

मग मी हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, त्या बेटावर गावांची नावंच अशी आहेत बघ — रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आईनं भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं. "शत्रुघ्नाला काय दिलं न्हाय का?"

"विचारते."

"त्येला कुटंच कोन इचारत न्हाय," म्हणाली. भाकरी उलटत — "मंगळवार चुकला न पायजे. तेवडं बग. मग ने कुटंबी."

झालं! येताना गाडीत मी प्रवासी होते, तरी उगाच दार लावायला उठले.

१५ जानेवारी

सुचलं. डबा खाताना सुचलं.

आईनं स्पष्ट सांगितलेलं आहे, तिच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. ती म्हणजे शेफाली. कारण जात नाही, बंगाली असणं नाही. कारण गोंधळ. वैजू लहानपणी दुखण्यातून उठला तेव्हा आईनं देवीला बोलून ठेवलं होतं — याच्या लग्नात गोंधळ घालीन. ह्या पठ्ठ्यानं परस्पर लग्न लावलं, गोंधळ राहिला, आणि दोन महिन्यांत अण्णा गेले. बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले हार्ट. आई म्हणाली देवीचं राहिलं. वैजू क्रियेला आला तेव्हा तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "तिला घिऊन ह्या घराचा उंबरा चडू नगंस." तो एकटाच आला होता. एकटाच गेला.

पण जोगव्याला घर कुणाचं हे बघत नाहीत! कुणाच्याही हातचं परडीत पडलं की ते देवीचं. मी लहानपणापासून बघतेय, आई सगळ्या आळ्यांत जाते, नाही म्हणत नाही, परत करत नाही. मग मंगळवारी सीतापुरात चार घरं मागायची, आणि पाचव्या घराच्या दारात शेफालीनं पीठ घेऊन उभं राहायचं. पीठ परडीत पडलं की पडलं. आई ते तिथंच तीन दगडांच्या चुलीवर शिजवून खाणार. खाल्ल्यावर मी सांगणार — आई, ही तुझी सून.

मग काय करेल? ओकणार तर नाही.

मी हुशार आहे असं मला वाटत नाही, पण आज वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

वैजूशी फोनवर दुपारभर बेत. त्याला योजना सांगितली. मग म्हणाला, "ताई, चालंल व्हय असं?" म्हटलं तू गप बस, तुझ्यामुळंच हे सगळं.

रविवारी पोहोचायचं, त्या दिवशी जेल. सोमवारी चिडियाटापू, बसनं. वैजू म्हणतो बस आहे पण भरवशाची नाही, गाडीच करा. तोही युवराजचा माणूस निघाला! मंगळवारी नील. बुधवारी वांडूर, ते मनातल्या मनात खोडलंय, कारण मंगळवारनंतर काय होईल ते आपल्या हातात नाही.

नीलला गाडीचा प्रश्नच नाही, बोटीत चढवत नाहीत. पण उतरल्यावर काय? धक्क्यावर रिक्षा असतात. मी म्हटलं, मग एक करू. वैजू म्हणाला, "ताई, इथले सगळे रिक्षावाले मला वळखतेत. आईचा तोंडावळा बघितला तर माझंच नाव घेतेल." खरं आहे, दोघांचं नाक एकच. म्हणजे रिक्षा बाद. स्कूटर मिळतात, पण आईला स्कूटरवर बसवून परडी कुठं धरायची? राहिलं चालणं. धक्क्यापासून सीतापूर लांब आहे, आईचा उजवा गुडघा दुखतो. जिकडं जावं तिकडं भिंत.

शेवटी ठरलं — लांबच्या टोकाला राहणारा एक म्हातारा रिक्षावाला आहे, त्याला कमी ऐकू येतं, तो वैजूला नीट ओळखत नाही. त्याला सांगून ठेवायचं. वैजू त्या दिवशी वीजघरातून बाहेर पडायचा नाही, मी फोन करेपर्यंत.

मग शेफालीनं फोन घेतला. "ताई, ज्वारी इथे मिळत नाही. तांदूळ चालतात?" म्हटलं चालतात. "किती घालायचे?" ओंजळभर. "डोक्यावर पदर?" घे. "काय बोलायचं?" काहीच बोलू नकोस, वाकून नमस्कार कर, नाही, वाकू नकोस, पोट आहे. ती लिहून घेत होती बहुतेक. मला एकदम तिची लाज वाटली. म्हणजे माझीच.

२३ जानेवारी, गुरुवार

कस्तुराबाई! आईच्या शेजारीण. आज तेरच्या गाडीत माझ्या शेजारी येऊन उभ्या, सीट रिकामी असून. "पर्तीक्षा, म्या बी येते गं तुमच्यासंगं. माझं तिकीट काडाय सांग जावायाला."

म्हटलं, मावशी, आता तिकिटं संपली.

"इमानात हुबारून बी चालंल." सगळी गाडी हसली. मग आवाज बारीक करून — "वैजू ऱ्हातो ते बेट कंचं गं?"

मी तिकिटाच्या मशीनची बटणं उगाच दाबली. ह्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हटलं लई लांब आहे मावशी ते, तिकडं आपण जातच नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते मला आवडलं नाही. उतरताना म्हणाल्या, "बरं बाई."



२४ जानेवारी

आईचा फोन नाही. म्हणजे कस्तुराबाई अजून बोलल्या नसाव्यात. किंवा बोलल्यात.

२९ जानेवारी, बुधवार

युवराजनं आज ऐकवलं. मी नकाशा पसरून बसले होते, तो हात पुसत आला आणि म्हणाला, "मी लई दिवस बोललो न्हाय. पण हे बरोबर न्हाय. म्हातारी देवीच्या नावानं परडी पुढं करणार, आणि तू त्यात डाव टाकणार."

मी म्हटलं, डाव कसला, तांदूळ आहेत.

"तिला कळल्यावर?"

"तोवर खाल्लं असेल."

"मग तर लईच वाईट," म्हणाला.

मी चिडले. म्हटलं, तुमची आई रोज सकाळी तुमच्या तोंडावरून हात फिरवते, तुम्हाला काय कळणार. चार वर्षं एक माणूस बेटावर बसून बहिणीला विचारतोय, आई जेवली का. तुम्ही सांगा दुसरी वाट! त्यानं सांगितलं — खरं सांग तिला. म्हटलं, खरं सांगितलं तर ती विमानाच्या पायरीवरसुद्धा पाय ठेवणार नाही, आणि मग शेफालीला मी काय तोंड दाखवू?

त्यानं नकाशाची घडी घातली. थोड्या वेळानं कबूल केलं, पोर्ट ब्लेअरला एक गाडी त्यानं परस्पर ठरवून टाकलीये, ड्रायव्हरसकट. कुणाच्या ओळखीनं? वैजूच्या! मी डोक्याला हात लावला. तो ड्रायव्हर पहिल्याच वळणावर आईला वैजूभैय्याची खुशाली सांगणार. आत्ताच्या आत्ता रद्द करा म्हटलं. केली.

त्याचं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही, म्हणूनच राग येतोय.

३ फेब्रुवारी, सोमवार

वैजूचा फोन. आवाजावरूनच कळलं. शेफालीला काल त्रास झाला, दवाखान्यात नेलं. बाळ ठीक आहे. पण डॉक्टरनी सांगितलं फार हिंडायचं नाही, बोटीत तर बसायचंच नाही सध्या.

म्हणजे माझा राखीव बेत गेला. मंगळवारी नीलला काही बिनसलं तर बुधवारी शेफालीनं पोर्ट ब्लेअरला यायचं, समुद्रावर गाठ घालायची, असं ठरवून ठेवलं होतं. आता ती येऊ शकत नाही. आईच तिकडं गेली पाहिजे, आणि तेही त्याच मंगळवारी.

"ती सारखी विचारती, आई येणार ना," वैजू म्हणाला. "मी हो म्हणून बसलोय ताई." मीही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आता आई म्हणते बोटीत बसणार नाही! विमान चालेल, बोट नको. कस्तुराबाईंच्या नातवानं मोबाईलवर कुठली तरी बोट उलटलेली दाखवली. कुठली, कधीची, देव जाणे. "आपली तेरना आसती तर म्या पोहून गेले आसते. त्येला तळ हाय का?"

फोनवर अर्धा तास समजावलं. मोठी बोट असते, आत खुर्च्या असतात, पंखे असतात, आपल्या एसटीपेक्षा बरी. "मग तू जा. म्या आन जावईबापू जेल बगतो." म्हटलं, आणि मंगळवार? जोगवा?

"शेरात काय घरं न्हाईत व्हय?"

झालं. शेवटी म्हटलं, आई, सीतामाईच्या नावाचं गाव आहे, एवढं जाऊन दारावरून परत यायचं का? मग, "बगु." आईचं बगु म्हणजे निम्मं हो. पण निम्म्यावर बोट सुटत नाही.

सीतामाईचं नाव मी कशासाठी घेतलं ते मला माहीत आहे. युवराजला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आई आलीये धाराशिवला, खरेदीला. कापडी बूट घेतले तिला. घालून घरभर चालून दाखवलं. "पोलिसावानी वाटतंय," म्हणाली. बोटीचं पुन्हा काही बोलली नाही, मीही विषय काढला नाही. रात्रीपुरती राहते म्हणाली, उद्या जाईल. आज किती दिवसांनी ती हसली. मला वाटलं, जमतंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

सगळं संपलं.

माझा फोन घरी चार्जिंगला राहिला. सकाळची पाळी, घाईत विसरले. दुपारी आले तर आई पिशवी बांधून दारात बसलेली. चपला पायात. कापडी बूट खोक्यात, खोकं टेबलावर.

"तेरला गाडी कंची हाय आता?"

म्हटलं काय झालं? तिनं फोनकडं बोट दाखवलं. फोन वाजला, तिनं उचलला, हॅलो म्हणायला तिला सुचत नाही, नुसता कानाला धरला. पलीकडं शेफाली. तिला वाटलं मीच. घडाघडा बोलली बिचारी — ताई, पाचवं घर आमचं ना, मी तांदूळ निवडून ठेवले, आई आल्या की मी बोलणार नाही, फक्त तांदूळ घालणार, रिक्षावाल्याला सांगितलंय, आईंना अजून माहीत नाही ना?

हे सगळं मला आईनंच सांगितलं. एकेक शब्द. न चिडता.

"आई, ऐक तर..."

"गाडी कंची हाय?"

सांगितली. उठली. युवराज गॅरेजमधून धावत आला, "आई, मी सोडतो गाडीवर." "नगं. तुमी ह्यात नव्हताव, मला ठाव हाय," म्हणाली. हे तिला कसं काय ठाऊक होतं? मी स्टँडपर्यंत तिच्या मागं मागं गेले. गाडीत बसली. खिडकीतून माझ्याकडं बघितलं नाही.

वैजूला फोन केला. शेफाली मागं रडत होती. म्हटलं तिची चूक नाही, माझी आहे. फोन मी विसरले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ड्यूटी तेरच्याच गाडीवर लागली. गावात शिरताना आई दिसली, एका दारात परडी घेऊन उभी. गाडीचा आवाज तिला कळतो, ह्या वेळेला मी असते हेही कळतं. वळली नाही. मी दारात लोंबकळून बघत राहिले, ड्रायव्हर ओरडला तेव्हा घंटी दिली.

कस्तुराबाई चढल्या. प्रथमच काही बोलल्या नाहीत. मागं जाऊन बसल्या. त्याचीच जास्त भीती वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकून गेले. जे असेल ते खरं बोलायचं ठरवून.

आई लसूण सोलत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. वैजूची बेटावरची सहा वर्षं, चार वर्षांचं तिचं न बोलणं, मागच्या वर्षी टिकलं नाही ते, डॉक्टर काय म्हणाले ते, शेफाली तिथं दारात तांदूळ घेऊन उभं राहायची तयारी करतेय ते. गोंधळ अजून घालता येतो, देवी कुणाचा बाप नेत नाही, हेही बोलले. हे चार वर्षांत मी कधी बोलले नव्हते. तिचे हात चालूच.

"बोल की काहीतरी."

"काय बोलू? त्या दारात म्या परडी घिऊन हुबी ऱ्हानार न्हाय."

"का पण? सगळ्यांच्या दारात राहतेस. परक्यांच्या राहतेस!"

तिनं मान वर केली. डोळे भरलेले. लसणानं नव्हे. "तू माझी परडी कुटं न्यायली हुतीस, तुला कळतंय का? शिकली-सवरलेली तू."

"मग येणारच नाहीस?"

उठून गेली आत. मी ओट्यावर बसून राहिले, कस्तुराबाईंनी चहा आणून दिला, म्हणाल्या, "म्या न्हाय हं सांगितलं काय." मला त्यांचा हात धरून रडू आलं. ह्या बाईवर मी महिनाभर संशय घेतला, आणि फोडलं माझ्याच फोननं.

येताना युवराजला सांगितलं, तिकिटं रद्द करा. तो म्हणाला, परवापर्यंत थांबू. मी म्हटलं, कशासाठी? म्हणाला, असंच.

वैजूला कळवायचं धाडस झालं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वैजूला सांगितलं. "बरं," म्हणाला. मग विचारलं, "आई जेवली का?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारची तेरहून परतीची फेरी. आई थांब्यावर उभी. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत परडी, दुसऱ्या हातात अण्णांची मोठी पिशवी. चढली. मी मशीन धरून समोर. सवयीनं विचारलं, "कुठं?"

"धाराशिव. आन आदी ऐक." गाडी भरलेली, सगळ्यांचे कान इकडं. "आपल्याच घरी कुनी जोगवा मागतंय व्हय गं? येवडं बी कळंना तुला? पाच घरं दुसरी हुडीक तितं. त्या घरी म्या परडी देवापशी ठिवनार हाय."

मी तिच्या हातातली पिशवी धरली.

"आन सकाळी जायाचं, सांजच्याला माघारी म्हनं! सुनंला आठवा लागला, आन म्या दारातनं फिरू? माझं यायाचं तिकीट मोड. ती मोकळी हुईस्तवर म्या तितंच. गोंधळ तिगं हितं आल्यावर घालू."

अर्धं तिकीट काढलं तिचं. दोनदा चुकीचं गाव दाबलं गेलं. तिनं पिशवी मांडीवर घेतली, खिडकीशी सरकली.

मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, "कुटं निगालाव, धुरपताबाई, येवडं सामान घिऊन?"

"वैजूकडं," आई म्हणाली.